ठेवून गेलेली चटई

कॅरलने खोलीची किल्ली काउंटरवर ठेवली आणि किल्लीच्या शेजारी चटई ठेवली. घडी नीट घातलेली, वर दुकानातली लाल फीत बांधलेली. मी सवयीने किल्ली उचलली, खुंटीला लावली आणि मगच चटईकडे पाहिलं. अगदी घरातली वस्तू भलत्या ठिकाणी दिसली की क्षणभर ओळख पटत नाही, तसं झालं. मला वाटलं, बाजारातून घेतलेलं काहीतरी असेल. मग कडेचे टाके दिसले, काळपट दोऱ्याचे, थोडे वाकडे. "ही तुझ्याकडेच राहू दे सिआले," ती म्हणाली. "बॅगेत बसतच नाही. बॅगेवर बसून पाहिलं, उड्या मारून पाहिल्या. आणि आमच्या न्यूझीलंडच्या विमानतळावर पानांच्या वस्तू काढून बघतात, अडवून ठेवतात, केवढा तो त्रास. तुमच्याकडे एवढ्या लोकांचं सगळं वाहून गेलंय. ज्याला गरज असेल त्याला दे." तिने माझ्या हातावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते खरंच भरून आले होते. खोटे असते तर मला किती सोपं झालं असतं! मी "थँक्यू" म्हणाले. काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की सगळ्यालाच थँक्यू म्हणायचं असतं. बाहेर विमानतळाची गाडी उभी होती. कॅरलने मला मिठी मारली, "मी सगळ्यांना सांगणार, टोंगाला जा, घाबरू नका, त्यांना आपली गरज आहे," असं म्हणाली आणि गेली. तिच्या दोन बॅगांमध्ये लाकडी देवमासे होते, शिंपल्यांच्या माळा होत्या, टोपल्या होत्या. तलामाहू बाजारातल्या एकाही बाईला वाईट वाटू नये म्हणून तिने प्रत्येक गाळ्यावरून काही ना काही घेतलं होतं. त्यामुळेच जागा उरली नव्हती.

"हे काय?" आमचा मॅनेजर सेमीसी मागून येऊन म्हणाला. पाहुणीने ठेवलंय, मी म्हटलं. "मग टाक की विसरलेल्या सामानाच्या कपाटात. काउंटरवर पसारा नको." त्याने चटईकडे नीट पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं, तो टोंगाचाच आहे. पण सीमा उघडल्यापासून त्या माणसाला फक्त येणारी विमानं दिसतात. दोन वर्षं आजारामुळे बेट बंद होतं, त्यात ज्वालामुखी आणि लाट. खालचा मजला चिखलाने भरला तेव्हा आम्ही बादल्यांनी चिखल काढला, आणि सेमीसी जिन्यात बसून रडला होता. तेव्हापासून कुणी पाहुणा दारात आला की तो स्वतः बॅग उचलायला धावतो. मी त्याला हसते, पण मलाही माहीत आहे की हे हॉटेल बंद पडलं तर आमच्या घरातली चूलही बंद पडेल. म्हणूनच त्याने रविवारची कल्पना काढली तेव्हा मी मोडता घातला नाही.

आमच्याकडे रविवारी सगळं बंद असतं. दुकान नाही, बस नाही, समुद्रात पोहायचंही नाही. पाहुणे बिचारे सकाळपासून खालच्या सोफ्यावर बसून एकमेकांना विचारतात की आज करायचं काय. सेमीसीच्या डोक्यात आलं, त्यांना एकेका घरी जेवायला पाठवावं. चर्च, मग उमूतलं, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतलं जेवण, मग गप्पा. "सिआले, कॅरलबाईंना तुझ्या आईकडे ने," तो म्हणाला. मी म्हटलं, आईकडे कशाला, तुझ्या घरी ने, तुझं घर मोठं आहे. तो पाय बदलत उभा राहिला. "अगं, माझं घर पडलं कुठे? त्या सारख्या विचारतायत, ज्यांचं घर गेलं अशा लोकांना भेटायचंय म्हणून. मदत करायला आल्यात त्या, सिआले. आता मदत करायला आलेल्या माणसाला धडधाकट घर दाखवून कसं चालेल?" मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. आपली आपत्ती हीच आपली दाखवायची वस्तू झाली आहे हे मला कळत होतं. पण सेमीसीवर रागावून काय करणार? त्याला तरी हे कुठे हवं होतं?

आईला सांगितलं तर ती अंथरुणातून उठूनच बसली. सरकारने लाट ओसरल्यावर आतल्या बाजूला लाकडी घरं बांधून दिली, त्यातल्या एका घरात आम्ही दोघी राहतो. तिच्या साखरेच्या आजारात मागच्या वर्षी पायाचा अंगठा काढावा लागला. डॉक्टर म्हणतात पुढे मूत्रपिंडं जातील, आणि ती गेली की इथे त्यावर यंत्र नाही, परदेशी न्यावं लागतं, आणि तशी ऐपत आमच्या सात पिढ्यांत कुणाची नव्हती. आई मात्र म्हणते, "माझा अंगठा पुढे जाऊन जागा धरून बसलाय, मी सावकाश जाईन." ती त्या दिवशी शेजारच्या वासीतीला हाका मारायला लागली. "वासीती, अगं ऐकलंस का, गोरी पालांगीण येतेय आमच्याकडे जेवायला! तुझ्या नवऱ्याला सांग, डुकराचं पिल्लू कुठे मिळतं ते बघायला." वासीती कुंपणावरून म्हणाली, "तुझ्याकडे बसायला धड खुर्ची नाही आणि डुकराचं पिल्लू?" "खुर्ची तुझी आणायचीय, म्हणून तर सांगतेय." मी म्हटलं, आई, पानांत शिजवलेलं लू पुरे, थोडे कंद पुरेत, त्या फार खात नाहीत. आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी हॉटेलात राहून बिघडलेय. "साऱ्या जगाला आपली भीती वाटतेय," ती म्हणाली, "आणि ही बाई एकटी समुद्र ओलांडून आलीय. तिला मी पातळ नारळाच्या दुधातलं लू वाढू?"

मी कॅरलला घरी नेताना गाडीतच सांगितलं होतं. हे मला पुन्हा पुन्हा आठवून पाहावं लागतं, कारण नाहीतर मला वाटतं की मी सांगितलंच नाही. मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. घरात गेल्यावर कुठल्याही वस्तूचं कौतुक करू नका. जेवणाचं करा, मुलांचं करा, चर्चमधल्या गाण्याचं हवं तेवढं करा. पण वस्तूचं नको. आमच्याकडे पाहुण्याने एखादी वस्तू सुंदर आहे म्हटलं की ती त्याची झाली. घरच्यांना ती द्यावीच लागते, आणि पाहुण्याने नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं. कॅरल खूप हसली होती. "म्हणजे मी गप्पच बसायला हवं. मला सगळंच आवडतं, हाच माझा दोष आहे." आणि तिला खरोखर सगळं आवडत होतं. रस्त्यातली डुकरं आवडली, शाळेच्या मुलांचे गणवेश आवडले, दफनभूमीत कबरींवर लावलेल्या रंगीत गोधड्या आवडल्या. ती निवृत्त शिक्षिका होती, नवरा नुकताच वारला होता, आणि एकटीनेच इतक्या लांब येणं हे तिचं त्यानंतरचं पहिलं धाडस होतं. गाडीत ती मला म्हणाली, "माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, तिथे जाऊ नकोस, ज्वालामुखी पुन्हा फुटला तर? मी म्हटलं, ते लोक तिथे राहतात ना?" अशा बाईचा राग कसा येणार?

चटई आईच्या कमरेला होती. रविवारी चर्चला जाताना कमरेला ताओवाला गुंडाळल्याशिवाय आमच्याकडे कुणी बाहेर पडत नाही. ताओवाला म्हणजे विणलेली चटईच, पण जमिनीवर टाकायची नव्हे, मान म्हणून अंगावर घ्यायची. नवी असते ती साधी. जी जुनी, विरलेली, पिवळ्याची तपकिरी झालेली आणि चार पिढ्यांनी दुरुस्त केलेली, तिला घरातलं सोनं समजतात. ही आईच्या आजीने विणली होती. आजीच्या लग्नात तिच्या अंगावर होती, आईच्या आईच्या अंगावर होती, माझे वडील गेले तेव्हा आई हीच गुंडाळून त्यांच्या उशाशी बसली होती. खोबरेल तेलाचा आणि चुलीच्या धुराचा वास तिला कायमचा लागला आहे. लाट आली त्या शनिवारी आई अंगणात तीच उन्हात घालून बसली होती, दुसऱ्या दिवशीच्या चर्चसाठी. मग तो आवाज झाला. मी शहरात हॉटेलमध्ये होते आणि काचा हलल्या, छातीत काहीतरी दाबल्यासारखं झालं. आजही कुठे ट्रकचं चाक फुटलं तरी मी जिन्याकडे धावते, आणि पाहुणे माझ्याकडे बघून हसतात. आई त्या वेळी घरात धावली नाही. घरात तिची औषधं होती, वडिलांचा एकुलता एक फोटो होता, शिवणयंत्र होतं. तिने दोरीवरची चटई ओढली, कमरेला गुंडाळली आणि वासीतीच्या नवऱ्याच्या ट्रकमध्ये चढली. दुसऱ्या दिवशी ती मला उंचावरच्या एका शाळेत सापडली. डोक्यापासून पायापर्यंत राखेने करडी. चटई तिने उलटी करून आतल्या बाजूला घडी घातली होती, ती मात्र स्वच्छ होती. मी फोटोबद्दल विचारलं तर म्हणाली, "तुझ्या बापाचा चेहरा मला पाठ आहे. हिची वीण मला पाठ नाही." आणि मग हळूच, जणू त्या राखेत मला हेच सांगायला ती बसून राहिली होती अशी, म्हणाली, "मी गेले की हीच गुंडाळून मला खाली ठेवा. दुसरं काही नको."

जेवण छान झालं. आईने डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली, त्यात पाहुणीच्या मेलेल्या नवऱ्याचंही नाव घेतलं, ते मी तिला कानात सांगितलं तेव्हा कॅरल रडली. तिने लू दोनदा घेतलं. वासीतीच्या खुर्चीवर ती बसली होती आणि वासीती दारात उभी राहून हे सगळं गावभर सांगण्यासाठी पाठ करत होती. मला वाटलं, पार पडलं. मी भांडी उचलायला वाकले आणि कॅरल खुर्चीतून पुढे झुकली. आई तिच्या शेजारी खाली बसली होती. कॅरलचा हात आईच्या कमरेशी गेला. "ओह," ती म्हणाली, "ओह, सिआले, हे किती सुंदर आहे. किती जुनं असेल. मी असं काही कधी पाहिलंच नाही." माझ्या हातात ताटं होती. आईला इंग्रजी येत नाही. येतं ते हॅलो, थँक्यू आणि चर्चमधले काही शब्द. मधे मी होते. मी गप्प राहिले तर ते वाक्य तिथेच हवेत विरून जाईल असं मला वाटलं. "काय म्हणतायत?" आईने विचारलं. "जेवण छान झालं म्हणतायत," मी म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मग कॅरलच्या हाताकडे पाहिलं. तो हात अजून चटईवरून फिरत होता, एखाद्या मांजराच्या पाठीवरून फिरावा तसा, जाऊन पुन्हा येत होता. हाताला दुभाषा लागत नाही. आईने एक सुस्कारा सोडलेला मी ऐकला, अगदी लहानसा. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही गेला नसता.

मग ती उठली. अंगठा नसलेल्या पायावर तिला उठायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मी काहीही करू शकले असते. ताटं पाडू शकले असते. कॅरलला ओरडून सांगू शकले असते की बाई, हात काढा. मी काहीच केलं नाही, ताटं धरून उभी राहिले. आईने कमरेची नारळाच्या काथ्याची दोरी सोडली, चटई उलगडली, दोन्ही हातांवर घेतली आणि कॅरलपुढे मान खाली घालून धरली. कॅरल माझ्याकडे बघायला लागली. तिला गाडीतलं बोलणं आठवलं, ते तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. "नाही, नाही, मी तशा अर्थाने... सिआले, त्यांना सांग ना, मी घेऊ शकत नाही." दारात वासीती होती. आई चटई धरून तशीच उभी होती. "घ्या," मी म्हटलं. "आता घ्यावीच लागेल." कॅरलने घेतली. ती रडत रडत आईला सांगत होती की ती चटई तिच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावणार, तिचं घर टेकडीवर आहे, तिथे रोज येताजाता तिला आईची आठवण होईल. हे सगळं मी भाषांतर करून सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. आता गाळून उपयोग काय होता?

कॅरलला सोडून परत आले तेव्हा आई उंबऱ्याशी बसली होती. कमरेला काही नव्हतं आणि ती मला एकदम बारीक दिसली. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, नाही दिली असती तर काय आकाश कोसळलं असतं? तिला काय कळतंय आपल्यातलं? "तिला नाही कळत," आई म्हणाली. "मला कळतं ना." मग म्हणाली, "टेकडीवर घर आहे म्हणालीस ना तिचं? मग चांगलंच झालं. इथे राहिली असती तर पुढच्या लाटेत गेलीच असती. मी किती वेळा पळणार? आता ती समुद्राच्या वर आहे." आणि त्यानंतर तिने तेच धरलं. शेजारणी आल्या की सांगायची, आमची चटई न्यूझीलंडला निघाली. वासीती म्हणायची, "तू इथेच राहिलीस आणि चटईला व्हिसा मिळाला." आई हसायची. तिला मी खूप दिवसांनी असं हसताना पाहत होते.

आणि आता ती चटई माझ्यापुढे काउंटरवर होती, लाल फीत बांधून. मला कॅरलचा राग आला नाही. यावा असं मला फार वाटत होतं. तिने तीन दिवस ती जपली असेल, घडी घालताना तिला वाईटही वाटलं असेल, आणि शेवटी तिच्या मनात आलं ते आमच्याच भल्याचं. ज्याला गरज असेल त्याला दे. गरज! घरी घेऊन जावी तर आईला कळणार की पाहुणीने तिची भेट टाकून दिली. लाटेने घर नेलं तेव्हा ती रडली नव्हती, पण हे तिला सोसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला द्यावी तर आठवडाभरात ती चर्चमध्ये कुणाच्या तरी कमरेला दिसेल, हे बेट एवढंसं आहे. मागून पाठवावी तर ती कॅरलला नको आहे. मी बराच वेळ तिच्यावर हात ठेवून उभी राहिले. मग खरंच विसरलेल्या सामानाचं कपाट उघडलं. तिथे पोहण्याचे चष्मे होते, चार्जर होते, कुणाचे तरी बूट होते, एक छत्री होती. बूट मी खालच्या फळीवर टाकले आणि वरची फळी पुसून घेतली.

घरी गेल्यावर आईने पहिला प्रश्न हाच विचारला. "गेली का? नेली कशी, बॅगेत घातली की हातात?" मी म्हटलं, "मांडीवर घेऊन बसली गाडीत." आईने मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं. मग काही दिवसांनी म्हणाली, तिला फोटो पाठवायला सांग. भिंतीवर लावलेला. आधी मी टाळलं. मग तिचे पाय सुजायला लागले, ती दिवसचा दिवस पडून राहायला लागली आणि पडल्या पडल्या फोटोचं विचारायला लागली. कॅरलचे मेसेज येत होते, तिच्या ओळखीची आणखी दोन जोडपी देवमासे बघायला येणार होती, सेमीसी खुशीत होता. तिला मी चटईबद्दल काय लिहिणार होते? एका दुपारी मागच्या बाजूची एक खोली रिकामी होती. त्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, मागची हिरवी झाडंच दिसतात. मी दार लावून घेतलं, भिंतीवरचं चित्र काढलं आणि खिळ्यांना चटई लावली. लावली आणि मागे होऊन पाहिली, तर ती फारच बरोबर दिसत होती. चकचकीत बाजू पुढे, झालर खाली, आमच्याकडचं कुणीही लावेल तशी. मग मी ती काढली आणि उलटी लावली. निस्तेज बाजू पुढे, झालर वर. आणि फोटो काढला.

आईने फोन दोन्ही हातांत धरला, डोळ्यांजवळ नेला. मग फोटो कडेकडेने निरखला. तिने भिंत ओळखली असं मला वाटलं. मग ती खुदकन हसली. "उलटी लावलीय गं तिने! झालर बघ वर गेलीय. माझे टाकेसुद्धा सगळे दिसतायत." मी म्हटलं, कळवू का तिला? "छे छे," आई घाईने म्हणाली, "काही सांगू नकोस. बिचारीने एवढ्या हौसेने लावलीय, वाईट वाटेल तिला." तिने फोन छातीवर ठेवला आणि खिडकीतल्या झाडांचं विचारलं. मी सांगितलं, टेकडीच आहे ती. "मग पाणी नाही येणार," ती म्हणाली. "मला आता बाजारातली साधी गुंडाळा, चालेल मला."

मी बरं म्हटलं. तिच्या सुजलेल्या पावलांना तेल लावत बसले. वासीती दारातून विचारत होती, बघू बघू, फोटो आला का, आणि आई तिला फोन दाखवत होती. आईला तिची चटई परत देता येईल असा एकच दिवस आहे, आणि त्या दिवशी ते तिला कळणार नाही. त्या दिवसाची मी वाट पाहत नाही, देवाशपथ नाही. पण हॉटेलातून निघताना त्या कपाटाची किल्ली मी खुंटीला लावत नाही, रोज बरोबर घरी आणते.